रस्त्याकडेचे दगड आणि चार नद्यांचा मुलूख



इतिहास पाहायचा म्हटला की आपल्याकडची माणसे गडावर जातात. ज्या जिल्ह्याचे कुलाबा हे नाव १९८१ साली बदलून रायगड झाले, तिथे तर येणाऱ्याची मान आधी वर जाणार, हे साहजिकच आहे. गडाची थोरवी मी सांगायला नको. पण आज मी आपल्याला मान थोडी खाली घालून चालायला सांगणार आहे. रस्त्याच्या कडेला, फाट्यावर, शाळेच्या कुंपणाशी, पुलाच्या तोंडाशी काही दगड उभे असतात. एस्. टी. त्यांच्यावरून धूळ उडवीत निघून जाते. कोणी त्यांना शेंदूर फासतो, कोणी त्यांच्यावर निवडणुकीचे पत्रक डकवतो. या दगडांच्या आधारे एका जिल्ह्याचा इतिहास सांगता येतो का, ते आज पाहू.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. शाळा अर्ध्यावर सुटली, पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या सभांत झाले. युनियनच्या कामासाठी गेली पंचवीस-तीस वर्षे या जिल्ह्यातले रस्ते तुडवतो आहे. माझी पद्धत कामगाराची आहे. कराराचा कागद हाती आला की आम्ही तीन गोष्टी पाहतो : हा लिहिला कोणी, यातून मिळणार कोणाला, आणि यात कोणाचे नाव गाळले. दगडालाही मी हेच तीन प्रश्न विचारतो.

रायगड जिल्ह्याच्या ज्या भागाविषयी मी बोलणार आहे, तो चार नद्यांचा मुलूख. उत्तरेकडून दक्षिणेला जाताना पाताळगंगा, अंबा, कुंडलिका आणि सावित्री. चारही सह्याद्रीत उगम पावतात आणि थोडक्या अंतरात खाडीला मिळतात. आपण कालक्रमाने न जाता रस्त्याने जाऊ. शतके मागेपुढे होतील, पण वाट चुकणार नाही.

आरंभ घाटापासून करू. मुंबई-पुणे जुन्या रस्त्याने खोपोलीहून खंडाळ्याकडे चढताना शिंग्रोबाचे देऊळ लागते. ट्रकवाले गाडी हळू करून नाणे टाकतात. आख्यायिका अशी की, इंग्रज इंजिनिअरांना घाट चढण्याची वाट सापडेना. शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपली गुरे वर नेण्याची वाट त्यांना दाखविली. बक्षीस काय हवे, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘आमचा देश सोडा.’ त्याला गोळी घालण्यात आली. ही लोककथा आहे आणि तिला लोककथेचेच मोल द्यावे. पण तिच्या पोटात एक सत्य आहे. डोंगराची वाट त्या डोंगरात राबणाऱ्यालाच ठाऊक असते, नकाशा मागाहून निघतो.

आता कागदावरचे पाहा. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने बोरघाटातील चढणीचे काम १८५६ साली सुरू केले. कंत्राटदार होता फॅव्हिएल नावाचा इंग्रज. त्याने काम पोटकंत्राटदारांना वाटून दिले आणि मजुरी खालपर्यंत पोचेना. १८५९ च्या जानेवारीत मजुरांनी घाटात दंगल केली. सरकारने चौकशी केली, फॅव्हिएलने कंत्राट सोडले आणि १८६० चा नववा कायदा झाला. रेल्वे आणि सार्वजनिक बांधकामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट निकालात काढावेत, असा त्याचा हेतू होता. आपल्या देशातील मजूर-कायद्यांचा एक जुना धागा असा बोरघाटातल्या थकलेल्या मजुरीपासून निघतो. पुढचा कंत्राटदार ट्रेडवेल येताच काही आठवड्यांत वारला. त्याची विधवा ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट पुढे चालविले. १८६१ च्या आरंभी या कामावर चाळीस हजारांहून अधिक माणसे होती. पटकी आणि तापाने हजारो मेली. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी मार्ग खुला केला.

कंत्राटदारांची नावे, गव्हर्नरचे नाव आणि उद्‌घाटनाची तारीख पुस्तकांतून मिळते. त्या चाळीस हजारांतल्या एकाचे तरी नाव मला सांगा. ते सांगता येत नाही, म्हणूनच शिंग्रोबाचे देऊळ मला महत्त्वाचे वाटते. ज्यांची नोंद कोणी ठेवली नाही, त्यांच्या वतीने लोकांनी एका धनगराला देव केले. नाणे टाकणारा ट्रकवाला नकळत त्या नोंदवहीत एक ओळ लिहितो, असे मी मानतो.

घाट उतरला की खोपोली. इथे टाटांचे वीजघर १९१५ साली सुरू झाले. घाटमाथ्यावर तलाव बांधून पाणी नळांतून खाली सोडले आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. वापरून झालेले पाणी पाताळगंगेत येते. म्हणून उन्हाळ्यात कोकणातल्या इतर नद्या आटतात तेव्हाही हिला पाणी असते. त्या पाण्याच्या आधारानेच पुढे रसायनी-पाताळगंगा भागात कारखाने आले. हे पाणी आपण ध्यानात ठेवू. कुंडलिकेच्या काठी ते पुन्हा भेटणार आहे.

पाताळगंगेच्या मुखाच्या उत्तरेला उरण तालुका. तिथल्या चिरनेर गावी हुतात्म्यांचे स्मारक आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या माळरानावर जंगल सत्याग्रह झाला. मिठाचा सत्याग्रह सर्वांना ठाऊक असतो, जंगलाचा त्या मानाने कमी. ज्या रानातून बापजाद्यांनी लाकूडफाटा आणला, गुरे चारली, तेच रान सरकारने राखीव करून तिथे कोयता चालविणे गुन्हा ठरविले. पोलिसांनी गोळ्या घातल्या, आठ सत्याग्रही पडले. त्या दिवशी मामलेदार जोशी हेही प्राणाला मुकले. आठ नावांत नाग्या कातकरी हे एक नाव आहे, आणि बाकीच्यांत कोळी, न्हावी, पाटील, म्हात्रे, घरत अशी आडनावे आहेत. ही यादी सावकाश वाचावी. ज्या समाजाला पाटीपुस्तकाचा स्पर्श नव्हता, त्या समाजातला एक माणूस स्वातंत्र्याच्या यादीत पाटलांच्या ओळीला बसला आहे. दगडावर नाव कोरण्याने काय होते, असे विचारणाऱ्याला मी चिरनेरला जायला सांगतो.

चिरनेरपासून जासई फार दूर नाही. तिथला दगड आपल्या आठवणीतल्या काळाचा आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी भातशेती व मिठागरे संपादित होऊ लागली. भाव काय द्यायचा, हे घेणाऱ्यानेच ठरवावे, अशी व्यवस्था होती. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशी जासई आणि पागोटे येथे शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. पाच जण मेले. नेतृत्व होते दि. बा. पाटील यांचे. या लढ्यातूनच पुढे एक तत्त्व मान्य झाले. शेतकऱ्याला जमिनीचा पैसा देऊन वाटेला लावायचे नाही, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड त्याला परत द्यायचा. आज न्हावाशेवा बंदरात येणारे कंटेनर ज्या रस्त्याने धावतात, त्या रस्त्याच्या काठी हे पाच जण पडले. बंदराची महती सांगणारे फलक मोठे असतात. हे स्मारक त्यांच्यापुढे लहान दिसते, पण फलकावरच्या मजकुराचा अर्धा भाग या लहान दगडावर आहे.

आता पेण मागे टाकून आपण अंबा नदीच्या धरमतर खाडीपाशी येतो. हा खारेपाटाचा मुलूख. इथली जमीन समुद्राकडून मागून घेतलेली आहे. खाडीला बांध घालायचा, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन काढायचे आणि मग भात लावायचे. बांध फुटला की खारे पाणी आत शिरते आणि काही वर्षांची मेहनत एका उधाणात जाते. म्हणून बांधाचे काम साऱ्या गावाने मिळून करायचे, अशी इथली जुनी वहिवाट. म्हणजे जमीन घडविली कुळांनी, राखली कुळांनी. सातबाऱ्यावर नाव मात्र खोताचे आणि सावकाराचे.

अलिबाग तालुक्यातील चरी गावी या अन्यायाविरुद्धच्या संपाचे स्मारक आहे. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने तिथे सभा झाली आणि पंचवीस गावांच्या कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही असे ठरविले. हा संप १९३९ पर्यंत चालला. मी संपाच्या धंद्यातला माणूस आहे, म्हणून याचे वजन सांगतो. मुंबईच्या गिरणी कामगारांचा १९२८ चा संप सहा महिने चालला, आणि तो आमच्या चळवळीत थोर मानला जातो. कामगार संपावर जातो तेव्हा त्याची मजुरी बुडते, पण गावाकडून तांदळाची एखादी गोण येण्याची आशा असते. इथे गावच संपावर होते. ज्याने भात लावायचे नाही असे ठरविले, त्याच्याच घरात भात शिजणार नव्हता. माणसांनी रानातला लाकूडफाटा विकून दिवस काढले, बायकांनी मोळ्या वाहिल्या. सहा पावसाळे जमीन पडीक राहिली, पण फूट पडली नाही.

या संपाला वर्तमानपत्र हवे म्हणून १९३७ साली ‘कृषीवल’ निघाले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. १९३९ चा कूळकायदा, १९४८ चा अधिक व्यापक कायदा, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन ही पुढची पायरी-पायरीची वाट. महाराष्ट्रात ‘कसेल त्याची जमीन’ हे वचन आपण सहज उच्चारतो. त्या वचनाची किंमत चरीच्या खारपट्टीतील लोकांनी सहा वर्षे उपाशी राहून मोजली आहे.

चरीहून अलिबाग, आणि अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागले की आक्षी. इथला शिलालेख मराठी भाषेच्या जुन्यात जुन्या लेखांत गणला जातो. त्याचे साल शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असे डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी वाचले. काही अभ्यासक तो नंतरचा मानतात. कित्येक वर्षे हा दगड रस्त्याच्या कडेला ऊनपाऊस सोशीत उभा होता. आपल्याला त्याचा अभिमान भाषेसाठी वाटतो, आणि तो योग्यच आहे. पण लेखात आहे काय? कोकणचा चक्रवर्ती केशीदेव राजा, त्याचा प्रधान भइर्जू, आणि देवी महालक्ष्मीच्या बोडणासाठी दिलेले नऊ कुवली धान्य. राजा आला, प्रधान आला, देवी आली. धान्य पिकविणारा आला नाही. जी भाषा दगडावर उमटायला लागली तेव्हापासूनच ती वरच्यांची नावे लिहिते आणि खालच्याचे धान्य मोजते.

अशा दानांच्या दगडांवर कोकणात पुष्कळदा चंद्र-सूर्य कोरलेले असतात, आणि खाली गद्धेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला दिलेली चित्ररूप अभद्र शिवी. चंद्र-सूर्य असेतोवर हा हक्क चालावा, असा त्याचा अर्थ. शिवी बाईच्या विटंबनेतून दिली जाई, हेही सांगितले पाहिजे. त्या काळचा कायदासुद्धा दुबळ्याच्याच अंगावर लिहिला जात होता. पण पाहा, हक्क टिकविण्यासाठी शिलाहार राजांना शाप कोरावा लागला. याचा अर्थ हक्क मोडणारे तेव्हाही होते. कागद असो की दगड, त्याच्यामागे माणसे उभी नसतील तर चंद्र-सूर्य काही साक्षीला येत नाहीत.

रेवदंड्याला कुंडलिका समुद्राला मिळते. तिच्या काठाने वर रोहा, कोलाड आणि भिऱ्यापर्यंत जा. वैशाखातही कोलाडला नदी भरून वाहते आणि शहरातली तरुण मंडळी तिच्यात होड्यांचा खेळ करतात. हे पाणी कोणते? ते मुळशीचे. मुळा नदीचे पाणी भीमेतून, कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचे. मुळशीला धरण बांधून ते पश्चिमेकडे वळविले आणि भिऱ्याच्या वीजघरातून, १९२७ पासून, कुंडलिकेत सोडले. त्या धरणासाठी मावळातली पन्नासच्या आसपास गावे उठली. १६ एप्रिल १९२१ रोजी मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्यातून पां. म. बापट हे सेनापती बापट झाले. धरणग्रस्तांचा तो आपल्याकडचा पहिला मोठा संघर्ष, आणि तो हरला.

ज्या काठाला हे पाणी मिळाले, त्या काठावर बुडालेल्या गावांपैकी एकाचेही नाव कोरलेले मला दिसलेले नाही. माझ्या मते जिल्ह्यातला सर्वांत महत्त्वाचा दगड हा आहे, आणि तो अजून बसविलेला नाही. ज्याचे गेले त्याचा दगड त्याच्या गावी, आणि ज्याला मिळाले त्याच्या गावी फक्त उद्‌घाटनाचा, अशी वाटणी असेल तोवर इतिहास पुरा होणार नाही.

या नद्यांच्या काठच्या औद्योगिक वसाहतींत मी काम केले आहे. प्रत्येक कारखान्याच्या दाराशी संगमरवरी कोनशिला असते. मंत्र्याचे नाव, चेअरमनचे नाव, दिनांक. एका कारखान्यात अपघातात दोन कामगार गेले. त्यांच्या सोबत्यांची मागणी एवढीच होती की, आवारात त्यांच्या नावाची एक पाटी असावी. व्यवस्थापनाने ती नाकारली. पाटी लावली म्हणजे अपघात कबूल केल्यासारखे होते, असे त्यांचे म्हणणे. शेवटी कामगारांनी दाराबाहेर, रस्त्याच्या हद्दीत, कडुलिंबाची दोन झाडे लावली. पाळी संपवून निघालेला माणूस डब्यातले उरलेले पाणी त्यांना घाली. झाडे मोठी झाली. नवीन भरती झालेल्या मुलांना ती नुसती झाडे वाटतात. म्हणून झाड पुरे पडत नाही, अक्षर लागते, असे माझे मत झाले आहे.

शेवटी सावित्री. महाडला क्रांतिस्तंभ आहे, आणि चवदार तळे आहे. १९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले आणि १९२४ साली महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचे ठरविले. कागदावर हक्क मिळाला. पाण्याला हात लावण्याची सोय कोणाला नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. मग मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठरावच मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली आणि २५ तारखेला मनुस्मृती जाळण्यात आली. पाण्याचा दावा कोर्टात दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने तो अस्पृश्यांच्या बाजूने कायम केला. आक्षीच्या दगडाने जी गोष्ट सुचविली, ती महाडने सिद्ध केली. लिहिलेला हक्क वापरणाऱ्याच्या पायांनी पुरा होतो.

याच महाडजवळ सावित्रीवर इंग्रजी अमदानीतला दगडी कमानींचा पूल होता. शेजारी नवा पूल झाला तरी एका बाजूची वाहतूक जुन्यावरूनच चालू होती. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात तो वाहून गेला. दोन एस्. टी. गाड्या आणि इतर वाहने नदीत गेली आणि चाळीसच्या आसपास माणसे मेली. एस्. टी. चे चालक-वाहक त्या रात्री आपल्या पाळीवर होते. कामावर मेलेली माणसे ती. पुढच्याच वर्षी, २०१७ च्या जूनमध्ये, नवा पूल वाहतुकीला खुला झाला. तो इतक्या लवकर बांधता येत होता, ही गोष्ट अपघाताआधीही खरीच होती. पुलावर कोरलेले साल आपण कौतुकाने वाचतो. ते त्याचे वय असते, आणि वय वाचून जबाबदारी ठरवायची असते.

चार नद्या संपल्या. या दगडांना एकाच सुतात ओवायचे तर ते सूत जमीन आणि पाणी यांच्यावरील हक्काचे आहे. आक्षीला धान्य, चिरनेरला रान, चरीला शेत, महाडला तळे, जासईला पुन्हा शेत, आणि कुंडलिकेला दुसऱ्याच्या गावचे पाणी. राजे बदलले, कंपनी आली, सरकार आले, मंडळे आली. भांडण एकच राहिले : जो राबतो त्याचा हक्क किती?

हे आज सांगण्याचे कारण आहे. मुंबई-गोवा रस्त्याचे रुंदीकरण २०११ पासून सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. रस्ता रुंद व्हायलाच हवा. त्या रस्त्यावर माणसे मरतात. पण यंत्र चालते तेव्हा मैलाचा दगड, वीरगळ, हद्दीचा दगड, सगळे एकाच ढिगात जाते. अलिबाग-पेणच्या बाजूला जमिनी विकल्या जात आहेत, कुंपणे उठत आहेत, आणि ज्याच्या आजाने चरीचा संप केला त्याचा नातू त्याच शेताच्या कुंपणाशी पहारेकरी म्हणून उभा असलेला मी पाहिला आहे. त्याला संपाविषयी विचारले. तो म्हणाला, ‘काका, तिथे स्मारक आहे एवढे माहीत आहे.’

म्हणून माझी सूचना साधी आहे, आणि तिला सरकारी मंजुरी लागत नाही. प्रत्येक गावाच्या शाळेने आपल्या हद्दीतील दगडांची एक वही करावी. दगड कुठे आहे, त्यावर काय आहे, आणि त्यावर काय नाही, असे तीन रकाने पुरेत. तिसरा रकाना म्हाताऱ्या माणसांना विचारून भरावा, आणि तो आधी भरावा. दगड थांबतो, म्हातारी माणसे थांबत नाहीत. कामगार संघटनांनी आपापल्या कारखान्यात कामावर मेलेल्यांची नावे, तारखेसह, त्याच वहीत उतरवावीत. मावळातल्या आणि कुंडलिकाकाठच्या शाळांनी आपल्या वह्या एकमेकींना पाठवाव्यात. मुळशीच्या बुडालेल्या गावांची नावे कोलाडच्या पोरांनी एकदा मोठ्याने वाचली, तरी जो दगड अजून बसलेला नाही त्याचा पाया भरला, असे मी समजेन.